फेंटानिलची बनावट गोळी: मुलं गमावलेल्या पालकांचं काम आणि मंडळात घ्यायचं सत्र

अनघा_फ्रीमाँट

अमेरिकेतल्या बहुतेक महाराष्ट्र मंडळांत मुलांसाठी आणि पालकांसाठी सत्रं होतात. कॉलेज प्रवेश, शिष्यवृत्त्या, इन्शुरन्स असे विषय असतात. त्यात फेंटानिल या अतितीव्र वेदनाशामकाच्या धोक्यावर एक तास असावा म्हणून हा धागा काढते आहे. नुसती कल्पना मांडायची नाही, सत्र कसं घ्यायचं ते इथे ठरवून टाकू.

आपल्याकडे हा विषय "नशा करणाऱ्या मुलांचा" म्हणून बाजूला पडतो, म्हणून सुरुवात तिथूनच. जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळात १० ते १९ वयाच्या मुलांचे ओव्हरडोसने जे मृत्यू झाले, त्यांचा सीडीसीने (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने) अभ्यास केला. त्यातल्या ८४ टक्के मृत्यूंत बेकायदा बनवलेलं फेंटानिल होतं. साधारण चौथ्या हिश्श्यात बनावट गोळ्यांचा पुरावा मिळाला. निम्म्याहून जास्त मृत्यू घरात झाले, आणि दोन तृतीयांश वेळा आसपास कोणीतरी होतं. ते कोणीतरी बहुतेकदा दुसऱ्या खोलीत होतं, किंवा समोर असूनही काय चाललंय ते त्याला कळलं नाही. घरात आई-बाबा टीव्ही बघतायत आणि वरच्या खोलीत मुलाचा श्वास थांबतोय, असा त्याचा अर्थ आहे.

ही माहिती लोकांपर्यंत नेण्याचं काम सरकारच्या बरोबरीनं, बऱ्याचदा सरकारच्या आधी, मुलं गमावलेल्या पालकांनी केलं. कॅलिफोर्नियातले एड आणि मेरी टर्नन यांचा कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला मुलगा मे २०२० मध्ये गेला. पर्कोसेट हे वेदनाशामक समजून त्यानं घेतलेली गोळी बनावट होती. त्यांनी 'साँग फॉर चार्ली' ही संस्था काढली आणि १० मे २०२२ ला पहिला राष्ट्रीय फेंटानिल जागृती दिवस घडवून आणला. 'फेसिंग फेंटानिल' या पालकांच्या दुसऱ्या गटानं त्याच वर्षीपासून २१ ऑगस्ट हा दिवस पाळायला सुरुवात केली. व्हर्जिनियात आर्लिंग्टनला डीईएच्या (अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या) मुख्यालयात कुटुंबांनी पाठवलेल्या फोटोंची भिंत २०२२ मध्ये उभी राहिली. शाळकरी पोरांचे फोटो लागले तिथे.

या पालकांनी मुलांसमोर बोलून बोलून संदेश फार नेमका केलाय. "ड्रग्ज वाईट" हे वाक्य मुलांनी हजारदा ऐकलेलं असतं, ते आता त्यांच्या कानावरून जातं. त्याऐवजी ते एवढंच सांगतात: फार्मसीतून, तुझ्या नावाच्या बाटलीतून आलेली नाही ती प्रत्येक गोळी बनावट धर. कोणी दिली, कशी दिसते, मित्रानं आधी घेतली होती का, यानं काही फरक पडत नाही.

तासाभराच्या सत्राचा माझा आराखडा: १० मिनिटं फेंटानिल म्हणजे काय, १० मिनिटं गोळ्या मुलांपर्यंत कशा येतात, २० मिनिटं नलॉक्सोन (फेंटानिलचा ओव्हरडोस उलटवणारं औषध) प्रत्यक्ष हाताळून, आणि शेवटची २० मिनिटं मुलांचे प्रश्न, पालक खोलीबाहेर असताना. हे शेवटचं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. आई शेजारी बसलेली असताना एकही मुलगा खरा प्रश्न विचारणार नाही.

भर घाला, दुरुस्त्या सुचवा.

श्रीरंग_आरपीएच

पहिल्या १० मिनिटांसाठी मुद्दे देतो.

फेंटानिल हे मुळात उत्तम औषध आहे. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं आणि आजही शस्त्रक्रियेत भूल देताना, कॅन्सरच्या वेदनांवर पॅचमधून वापरलं जातं. मॉर्फिनपेक्षा साधारण १०० पट आणि हेरॉइनपेक्षा ५० पट तीव्र. हॉस्पिटलात ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. सवय नसलेल्या माणसाला २ मिलिग्रॅम जीवघेणं ठरू शकतं, असं डीईए धरते.

बेकायदा गोळ्या करणाऱ्यांकडे ही मोजणी नसते. पावडर भरड मिसळतात आणि प्रेसमध्ये दाबतात. बेसनाच्या लाडवात बेदाणे जसे एका लाडवात चार आणि दुसऱ्यात एकही नाही असे पडतात, तसंच फेंटानिल गोळ्यांत पडतं. म्हणून "आम्ही दोघांनी एकच गोळी अर्धी अर्धी घेतली, तो ठीक आहे" हे शक्य आहे. दुसरा अर्धा भाग मारक असू शकतो.

डीईएच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या फेंटानिलयुक्त बनावट गोळ्यांपैकी २०२२ मध्ये १० पैकी ६, २०२३ मध्ये १० पैकी ७ आणि २०२४ मध्ये १० पैकी ५ गोळ्यांत जीवघेणी ठरू शकेल इतकी मात्रा होती. प्रमाण उतरलंय, ते चांगलंच आहे. देशभरातले ओव्हरडोस मृत्यूही २०२२ च्या सुमारे १ लाख ८ हजारांवरून २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास आले. पण निम्म्या गोळ्या मारक असताना "आता धोका टळला" असं कोणी सत्रात म्हणू नये.

बनावट सर्वांत जास्त कशाची होते? ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या निळ्या 'एम ३०' गोळ्या, चिंतेवरच्या झॅनॅक्सच्या लांबट पट्ट्या, पर्कोसेट आणि एकाग्रतेसाठीची अॅडरॉल. अॅडरॉल आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगा. परीक्षेच्या आठवड्यात जागरणासाठी गोळी मागणारा मुलगा स्वतःला नशेच्या आसपासही धरत नाही. तो अभ्यासू असतो.

एक विनंती: खऱ्या आणि बनावट गोळीचे फोटो शेजारी ठेवून "फरक ओळखा" असं करू नका. फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही. फार्मासिस्टलाही नाही, कारण साचा तसाच, रंग तसाच, खुणा त्याच. फोटो बघून मुलगा जर "मला ओळखता येतं" अशा खात्रीनं बाहेर पडला, तर आपण त्याला आणखी धोक्यात ढकललं.

निळाई

श्रीरंग, फोटोंबद्दल थोडं वेगळं मत. गोळ्यांचे फोटो नकोत हे पटलं. पण गेलेल्या मुलांचे फोटो? पालकांच्या संस्था ते मोठ्या फलकांवर लावतात आणि त्याचा परिणाम होतो असं म्हणतात.

अनघा_फ्रीमाँट

निळाई, वक्ता म्हणून एखादी आई किंवा वडील येणार असतील तर त्यांनी स्वतःच्या मुलाचा फोटो आणावा, तो त्यांचा हक्क आहे. आपण इंटरनेटवरून उचललेले फोटो स्लाइडवर टाकू नयेत. आणि फोटो असलाच तर तो जगतानाचा: सायकलवरचा, वाढदिवसाचा. शवपेटी, खोली, रुग्णवाहिका काही नको. १२ वर्षांखालच्या मुलांना त्या भागात बसवू नका, त्यांच्यासाठी पाच मिनिटांचं वेगळं बोलणं पुरे.

अशा वक्त्यांना बोलावताना आणखी काही गोष्टी. प्रश्न आधी लिहून घ्या आणि त्यांना आधी दाखवा. "तुम्हाला कळलं कसं नाही?" हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. सूत्रसंचालकानं तो अडवायलाच हवा. त्यांच्यानंतर लगेच जेवणाची घोषणा करू नका, दहा मिनिटं मोकळी ठेवा. खोलीत एक समुपदेशक असू दे, कारण श्रोत्यांतही कोणाच्या घरात हे घडून गेलेलं असतं आणि त्यांनी ते मंडळात कधीच सांगितलेलं नसतं.

मृण्मयी_ईआर

नलॉक्सोनच्या २० मिनिटांत काय शिकवायचं ते सविस्तर लिहिते. घाईत वाचणाऱ्यांनी निदान हा प्रतिसाद वाचावा.

आधी ओळखायचं कसं. तीन गोष्टी: माणूस उठत नाही, श्वास अगदी मंद किंवा बंद आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. ओठ आणि नखं निळी पडतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आपल्या वर्णाच्या त्वचेवर ती निळी न दिसता राखाडी, राखेसारखी दिसतात. ओठ आतून उलटून बघा, हिरड्या बघा. घशातून घरघर येत असेल तर "गाढ झोपलाय, घोरतोय" म्हणून दार लोटून घेऊ नका. तो घोरण्याचा आवाज नसतो, हवेचा मार्ग बंद होत असतो. मुलं दगावण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

जोरात हाक मारा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या बोटांची हाडं जोरानं घासा. प्रतिसाद नाही? ९११ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. "श्वास घेत नाहीये" हे शब्द आणि पत्ता आधी सांगा.

मग नाकातला स्प्रे, ४ मिलिग्रॅमचा. पाठीवर झोपवा, मानेखाली हात घालून डोकं मागे झुकवा. पाकीट सोला. अंगठा खालच्या दट्ट्यावर, दोन बोटं नळीच्या दोन बाजूंना. नळी एका नाकपुडीत, बोटं नाकाला टेकेपर्यंत आत. दट्ट्या एकदाच, पूर्ण दाबा. आधी हवेत दाबून बघायचं नाही. एका उपकरणात एकच डोस असतो, तपासायला दाबलात की तो संपला. माणसानं श्वास ओढायची गरज नाही, औषध नाकाच्या अस्तरातून शोषलं जातं.

परिणामाला २ ते ३ मिनिटं लागतात. ती नुसती बघत काढायची नाहीत. ओपिऑइड (फेंटानिल, मॉर्फिनच्या वर्गातलं औषध) मेंदूला श्वास घ्यायचा विसर पाडतं, हृदय सहसा त्यानंतर थांबतं. म्हणजे शरीराला तेव्हा हवा हवी असते. डोकं मागे, नाक चिमटीत धरून तोंडानं दर ५ सेकंदांनी एक श्वास द्या, छाती उचलली जाते का ते बघा. ९११ वरची व्यक्ती छाती दाबायला सांगेल तर ते करा. ३ मिनिटांत फरक नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत.

श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. जागा झाल्यावर तो चिडेल, ओकेल, "मी ठीक आहे, जाऊ द्या" म्हणेल. जाऊ देऊ नका. नलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो आणि फेंटानिल त्याहून जास्त वेळ शरीरात राहू शकतं. तासाभरानं श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून हॉस्पिटल टळत नाही.

थंड पाण्याची आंघोळ, मिठाचं पाणी पाजून ओकवणं, दूध, कॉफी, गालावर चापट्या: यातलं काही करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं थेट फुप्फुसात जातं.

आणि चुकीचा अंदाज असला तर? समजा त्यानं ओपिऑइड घेतलंच नव्हतं. नलॉक्सोननं काही बिघडत नाही. शंका आली की द्या.

हर्षद_डॅलस

८ मिलिग्रॅमचा स्प्रेही मिळतो. फेंटानिल एवढं तीव्र, मग तोच घ्यावा का?

मृण्मयी_ईआर

हर्षद, नको. न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी दिलेल्या डोसांचा अभ्यास २०२४ मध्ये सीडीसीने छापला. ८ मिलिग्रॅमनं जगण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट्या आणि विथड्रॉवलचा (ड्रग अचानक तुटल्यावर होणारा) त्रास मात्र जास्त झाला. ४ चा दोन स्प्रेंचा डबा पुरे.

श्रीरंग_आरपीएच

मिळतं कुठे: मार्च २०२३ मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) नार्कनला, म्हणजे नलॉक्सोनच्या ४ मिलिग्रॅमच्या नाकातल्या स्प्रेला, प्रिस्क्रिप्शनशिवाय विक्रीची परवानगी दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून ते दुकानांत आलं. तेव्हा दोनचा डबा साधारण ४५ डॉलरला होता. कॅलिफोर्नियाच्या 'कॅलआरएक्स' योजनेत २०२४ मध्ये २४ डॉलर. पण विकत घ्यायच्या आधी काउंटीच्या आरोग्य विभागाला विचारा, बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतं. मंडळासाठी मागणी करायची तर निदान महिनाभर आधी लिहा, किती घरं येतील तो आकडा द्या, आणि रिकाम्या सरावाच्या स्प्रेंचीही मागणी करा. ते कोणाला आठवत नाहीत आणि मग वीस मिनिटं नुसतं व्हिडिओ बघण्यात जातात.

टेक्सासकर

शाळांबद्दल. टेक्सासमध्ये २०२३ चा 'टकर्स लॉ' आहे. मुलगा गमावलेल्या आईच्या पाठपुराव्यातून तो आला. त्यानुसार सहावी ते बारावीच्या मुलांना दरवर्षी फेंटानिलबद्दल शिकवणं बंधनकारक आहे. तेव्हा इथल्या पालकांनी शाळेला "शिकवता का?" असं विचारू नये. "या वर्षी कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला आणि कोण शिकवतं?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला "हो" एवढंच उत्तर येतं.

सोबत हेही विचारा: नलॉक्सोन इमारतीत नेमकं कुठे आहे, नर्स रजेवर असली तर कोणाकडे किल्ली, संध्याकाळच्या खेळांच्या वेळी ते बाहेर असतं का.

अनघा_फ्रीमाँट

उपयोगी. कॅलिफोर्नियातल्यांसाठी जोड: हॉलिवूडमधल्या एका हायस्कूलमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये १५ वर्षांची मुलगी बनावट गोळीनं गेली, त्यानंतर लॉस एंजेलिसच्या शाळांत नलॉक्सोन ठेवायला सुरुवात झाली. २०२४ च्या कायद्यानं १२ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या विद्यार्थ्यांना ते स्वतःजवळ बाळगायलाही मुभा आहे.

आणि हॉस्पिटलची एक गोष्ट पालकांना ठाऊकच नसते. मूत्राची जी नेहमीची ड्रग तपासणी होते, त्यातला 'ओपिएट'चा भाग मॉर्फिन, कोडिन पकडतो, फेंटानिल पकडत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह, पालक निश्चिंत, मुलगा घरी. याच कारणासाठी कॅलिफोर्नियात एका आईनं लढून 'टायलर्स लॉ' करवून घेतला. २०२३ पासून तिथल्या हॉस्पिटलांना ड्रग तपासणीत फेंटानिल घ्यावंच लागतं. मेरीलँडमध्येही २०२३ मध्ये तसा कायदा झाला. बाकी राज्यांत डॉक्टरांना थेट विचारायचं: "फेंटानिलची वेगळी टेस्ट केलीत का?"

वैशाली_पुणे

नमस्कार. मुलं एमएससाठी तिकडे जातात, आम्ही पालक इथून फक्त फोनवर. जाण्याआधी त्यांना नेमकं काय सांगावं? घाबरवायचंही नाही.

निळाई

वैशालीताई, चार गोष्टी सांगा.

नेहमी लागणारी औषधं भारतातूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात न्यायची. दाढ दुखते, पाठ दुखते, इन्शुरन्सचा घोळ नको म्हणून रूममेटनं दिलेली गोळी घेतली, हा आपल्या विद्यार्थ्यांसाठी खरा धोका आहे. विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरची फी बहुधा आधीच भरलेली असते, तिथे जायचं.

झोप लागत नाही, ताण आहे, तर ९८८ हा मानसिक आधाराचा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन किंवा मेसेज.

स्नॅपचॅट किंवा इन्स्टाग्रामवर गोळ्यांची "मेनू"सारखी यादी दिसली तर ते फार्मसी नव्हे. मेसेज आपोआप पुसले जातात, पैसे अॅपवर जातात, पाकीट दारात येतं. म्हणून मुलं गमावलेल्या कुटुंबांनी २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात स्नॅपविरुद्ध दावा लावला, आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्यातला बराच भाग पुढे चालवायला परवानगी दिली.

आणि चौथं, पार्टीत कोणी बेशुद्ध पडलं तर व्हिसाच्या भीतीनं पळायचं नाही. जवळजवळ सगळ्या राज्यांत गुड समॅरिटन कायदे आहेत, मदतीला फोन करणाऱ्याला ड्रग बाळगल्याच्या राज्याच्या आरोपातून बऱ्याच अंशी संरक्षण मिळतं. इमिग्रेशन संघराज्याच्या हाती आहे, तिथे हे संरक्षण आपोआप लागू होत नाही हे खरं. तरी फोन करायचाच. कागदपत्रांचं नंतर वकिलाकडून बघता येतं.

हर्षद_डॅलस

फेंटानिल टेस्ट स्ट्रिप्स (गोळीत फेंटानिल आहे का ते तपासायच्या पट्ट्या) सत्रात दाखवाव्यात का? काही पालकांना वाटतं की त्यामुळे "तपासून घ्या" असा संदेश जातो.

श्रीरंग_आरपीएच

मुलांसमोर प्रात्यक्षिक नको, पालकांना आणि कॉलेजवयीन मुलांना माहिती द्यावी असं माझं मत. कारण ती वाचताना हमखास होणारी चूक: कोविड किंवा गरोदरपणाच्या टेस्टच्या उलट, इथे एक रेघ म्हणजे फेंटानिल आहे, दोन रेघा म्हणजे सापडलं नाही. घाईत लोक उलटं वाचतात.

शिवाय दोन रेघा आल्या म्हणजे गोळी सुरक्षित असं नव्हे. जो तुकडा पाण्यात विरघळवला त्यात फेंटानिल नव्हतं एवढंच कळतं, उरलेल्या तुकड्याचं नाही. नायटाझिन वर्गातले ओपिऑइड या पट्टीवर दिसतच नाहीत. काही राज्यांत या पट्ट्या अजून ड्रगच्या साहित्यात मोडतात, म्हणून मंडळानं वाटण्याआधी राज्याचा नियम बघावा.

मृण्मयी_ईआर

झायलाझिनबद्दलही प्रश्न येईल. ते जनावरांना भूल द्यायचं औषध, फेंटानिलमध्ये मिसळलेलं सापडतं. ते ओपिऑइड नाही, त्यावर नलॉक्सोन चालत नाही. तरी नलॉक्सोन द्यायचंच, कारण सोबतच्या फेंटानिलवर ते चालतं. अशा वेळी श्वास परत येतो पण माणूस जागा होत नाही. ध्येय श्वास आहे, शुद्ध नव्हे. श्वास नीट चालू असेल तर जागं करण्यासाठी डोसांवर डोस देऊ नका, कुशीवर ठेवून रुग्णवाहिकेची वाट बघा.

आणि "हात लावला तर आपल्यालाही होईल" ही भीती खोडून काढा. अमेरिकेतल्या विषशास्त्रज्ञांच्या दोन संस्थांनी २०१७ मध्येच स्पष्ट केलं की त्वचेला चुकून लागलेल्या पावडरीनं विषबाधा होण्याची शक्यता फार कमी आहे. हातमोजे असतील तर घाला, नसतील तर थांबू नका, नंतर साबण-पाण्यानं हात धुवा. मेंदूला ऑक्सिजन नसला की चार-पाच मिनिटांत कायमची हानी सुरू होते, मोजे शोधायला तेवढा वेळ नाही.

वैशाली_पुणे

खूप आभार. भारतात हा धोका आहे का? इथे नलॉक्सोन मिळतं?

मृण्मयी_ईआर

वैशालीताई, अमेरिकेसारखा बनावट गोळ्यांचा पूर भारतात नाही. तिथे फेंटानिल एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखालचं, हॉस्पिटलातलं औषध आहे. तरुणांत जास्त दिसतो तो ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडिनच्या खोकल्याच्या औषधांचा गैरवापर. ट्रामाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आलं. त्यांच्या अतिमात्रेतही श्वास मंदावतो. नलॉक्सोन भारतात मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात हॉस्पिटलांत असतं, म्हणून १०८ किंवा ११२ लावून तोंडानं श्वास देत राहणं हाच तिथला पहिला उपाय. व्यसनाबद्दल सल्ल्यासाठी १४४४६ आणि ड्रग विक्रीची माहिती द्यायला, मदत मागायला १९३३.

टेक्सासकर

एक व्यावहारिक शंका. स्प्रे गाडीत ठेवला तर चालतो? इथे उन्हाळ्यात गाडीची भट्टी होते.

श्रीरंग_आरपीएच

कायमचा ठेवू नका. २५ अंश सेल्सिअसखाली ठेवायचा, प्रवासात ४० अंशांपर्यंत थोडा वेळ चालतो. बंद गाडी त्याच्या वर जाते. मिनेसोटा, शिकागोकडे उलट अडचण: गोठलेला स्प्रे उडत नाही, तो खोलीच्या तापमानाला १५ मिनिटं ठेवावा लागतो. म्हणून दप्तरात किंवा पर्समध्ये, आणि घरातला दिवाणखान्यात किंवा जिन्याजवळ, बाथरूममध्ये नको. मुलांना जागा माहीत असलीच पाहिजे, कुलपात ठेवायची ही वस्तू नव्हे. ४ मिलिग्रॅम नार्कनची मुदत २०२४ पासून ४ वर्षं झालीय, पाकिटावरची तारीख बघा. मुदत संपलेला एकच हाताशी असेल तर तोच वापरा, असर कमी होऊ शकतो, पण काहीच न देण्यापेक्षा बरा.

अनघा_फ्रीमाँट

सगळ्यांचे मुद्दे आराखड्यात घेतले. टेस्ट स्ट्रिप्स पालकांच्या भागात, फोटो फक्त वक्त्याचे स्वतःचे, शाळेला विचारायचे प्रश्न छापील कागदावर. मृण्मयी यांच्या पायऱ्या मराठी आणि इंग्रजीत एका पानावर करते, आजी-आजोबा घरी एकटे नातवंडांजवळ असतात त्यांच्यासाठी मराठी पान मोठ्या अक्षरात. मसुदा रविवारी इथेच टाकेन. ९११ ला पत्ता सांगताना लागणारं इंग्रजी वाक्य मी देवनागरीत देणार आहे: "ही इज नॉट ब्रीदिंग", आणि खाली घराचा पत्ता लिहायला रिकामी ओळ. आणखी कोणत्या भाषेत पान हवं असेल तर शनिवारपर्यंत कळवा.